भिंतीला टेकवलेलं पाऊल

आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघही असतात; आमच्या तालमीच्या संघात एक अलिखित नियम होता: आपल्या घोट्याला आपण टेप मारायची नाही. मारली तर पाय दगा देतो म्हणे. दहा वर्षं माझी टेप माझ्या जोडीचा बचावपटू मारायचा. माझी टाच मांडीवर घ्यायचा, चवडा स्वतःच्या छातीला लावायचा आणि शेवटचा वेढा झाला की विचारायचा, "आवळलं का रं?" मी "बास" म्हटलं की पाठीत एक गुद्दा.

गेल्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना मी त्याच्याशी धड बोललो नाही. राग आला होता, आणि तो कशाचा हे सांगायची लाज वाटत होती. संघातल्या दुसऱ्या कुणाहीपुढं मला पाय करता आला असता, पण ताठा आडवा आला. हट्टानं स्वतःच टेप मारू लागलो. दोन महिन्यांत तोच घोटा दोनदा मुरगळला आणि संघातली जागा गेली.

फिजिओथेरपीच्या बाईंनी मला डोळे मिटायला लावले. माझं पाऊल हातात धरून थोडं हलवलं.

"आता कसं हाय सांगा बघू."

"सरळ."

डोळे उघडले तर पाऊल चांगलं आत वळलेलं. स्वतःचा पाय कुठं आहे हेही मला सांगता येईना.

"मुरगळल्यावर हे कळणं कमी होतंय," त्या म्हणाल्या. "टेपचा ताण कातडीला जाणवतो, मग जरा कळतं. तुम्ही मारता कशी, दाखवा."

मी वाकून मारून दाखवली. त्या हसल्या.

"वाकलं की पाऊल खाली पडतंय, आत वळतंय. वाकडंच बांधताय की तुम्ही. पाऊल धरायला घरात कोण हाय?"

"न्हाई कोण."

"मग भिंतीला टेकवा."

रविवारी सरावाला बोलावणं आलं. पाय टिकला तरच पुन्हा संघात. पाय टिकला, पण ती संध्याकाळची गोष्ट. त्याआधी दुपारी खोलीत बसून चवडा भिंतीला लावला, टेप मारली, डोळे मिटले. पाऊल सरळ होतं आणि ते मला कळत होतं. बरं वाटलं.

"बास," मी म्हणालो. विचारलं कुणीच नव्हतं. गुद्दा बसणार म्हणून खांदे मात्र आवळून बसलो होतो.