कंपनीचा पत्ता

पुण्याहून गुरुग्रामला राहायला आले तेव्हा सोसायटीत माझी पहिली ओळख झाली ती आमच्या टॉवरची लॉबी पुसणाऱ्या बाईंशी. उत्तर प्रदेशातल्या महोब्याकडच्या, पन्नाशीच्या, विधवा. मी आईशी फोनवर बोलताना ऐकून त्या तेवढं "बरं, बरं" शिकल्या होत्या. मला पाहिलं की तेच म्हणून हसायच्या.

एका सकाळी त्या गेटबाहेर गणवेशाऐवजी साध्या साडीत उभ्या दिसल्या. गार्ड त्यांना आत सोडत नव्हता.

"दीदी, पगार बैंक में पूरा आता है," त्या म्हणाल्या. "फिर सुपरवाइज़र उसमें से वापस माँगता है. सबसे लेता है. इस बार मैंने नहीं दिया."

म्हणजे किमान वेतनाचा नियम कागदावर पाळला जात होता, आणि पैसे मागच्या दाराने परत जात होते. मी सोसायटीच्या इस्टेट ऑफिसात गेले. मॅनेजर म्हणाला, "मैडम, वो हमारी स्टाफ नहीं है. कॉन्ट्रैक्टर से पूछिए." कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, माणसं मी देत नाही, दुसरी कंपनी पुरवते. त्या कंपनीचा फोन बंद होता. बऱ्याच खटपटीनंतर पत्ता तेवढा मिळाला. मानेसरचा.

शनिवारी आम्ही दोघी कॅबने गेलो. टायरच्या दुकानावर एक अरुंद जिना होता, वरचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं, पण पंखा चालू होता. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. आणि खुंट्यांवर गणवेश. निळे, करडे, हिरवे, प्रत्येकाच्या खिशावर वेगळ्या कंपनीचं नाव. धुऊन टांगलेले, पण कोपरांशी अजून वाकलेले, जणू आतली माणसं नुकतीच निघून गेली होती.

बाई एकेका गणवेशाला हात लावत पुढे सरकल्या. "ये वाला मैंने पहना है," त्या हळूच म्हणाल्या. "ये भी. ये भी."

"इतक्या कंपन्या बदलल्यात?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

त्यांना समजलं. "मैं तो कहीं गई ही नहीं, दीदी. वही लॉबी, वही बाल्टी. बस बोलते थे, कंपनी बदल गई, नया कपड़ा पहनो. नौकरी फिर पहले दिन से."

मी हाका मारल्या. माझाच आवाज त्या हॉलमध्ये घुमून परत आला. खाली आल्यावर टायरवाल्याने विचारलं, "किसको ढूँढ रहे हो?" नाव सांगावं असा माणूसच नव्हता.

कामगार खात्यातला अधिकारी मात्र सरळ बोलला. ठेकेदाराने पूर्ण वेतन दिलं नाही, तर ज्यांच्याकडे काम चालतं त्यांनी द्यायचं. "मतलब आप लोग," तो म्हणाला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. मग मेंटेनन्स वाढेल का, अशी चर्चा झाली. शेवटी ठरलं की ठेकेदार बदलायचा. मी समाधानाने घरी आले.

सोमवारी खाली उतरले तर लॉबीत, जिन्यांवर, गेटवर सगळे चेहरे नवे. ठेकेदाराबरोबर त्याची सगळी माणसंही गेली होती. बाईंचा नंबर लागेना. त्यांच्या खोलीवर गेले, तर तिथे दुसरंच कुटुंब राहत होतं. आधीची भाडेकरू कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं.

नव्या मुलीला मी विचारलं, "पूरा पगार मिलता है?" आधी तिने सुपरवायझर कुठे आहे ते पाहिलं. मग मान डोलावली.

तेव्हापासून मॉलमध्ये, इस्पितळात, कुठेही गणवेशातली बाई वाकून फरशी पुसताना दिसली की माझी पावलं मंदावतात. परवा मेट्रो स्टेशनवर तर पाठीवरून खात्रीच पटली. मी जवळ जाऊन हाक मारली. ती दचकून वळली. कुणी वेगळीच होती. हातातलं फडकं छातीशी धरून तिने विचारलं,

"क्या गलती हो गई, मैडम?"