मावशीची मोजणी

उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकवायचा, एकेक पेर चढवत न्यायचा आणि मध्येच थांबून म्हणायचं, "पाचवा सरला. माजी मोजनी चुकत न्हाई." मावशीची ओळख करून द्यायची तर या बोटांपासूनच करून द्यावी लागते.

मावशी कार्ल्याची सुईण आणि मी लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी पुण्यात शिकून परीक्षा दिलेली, ती सहीच्या जागी अंगठा उठवणारी. आमचं जमायचं खरं तर काही कारण नव्हतं, त्यातून पहिल्याच भेटीत तिने माझी फजिती केली. पोटातल्या बाळाची वाढ दाखवणारा एक रंगीत तक्ता दवाखान्यात आला होता. शिपायाने तो भिंतीवर टांगला आणि आठ दिवस आम्ही त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. मावशी एका पोटुशीला घेऊन आली, तक्त्यापुढे मान वाकडी करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यो उलटा टांगलाय."

पाहते तो खरंच. नवव्या महिन्यातलं मूल डोकं वर करून ऐटीत बसलं होतं. खालची इंग्रजी अक्षरंसुद्धा उलटी होती, पण ती वाचायची तसदी शिकलेल्या माणसांपैकी कुणी घेतली नव्हती. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "खाली डोकं करून पोर कसं ऱ्हाईल बाई? गुदमरंल की!"

"तू कसा ऱ्हायला हुतास, जा, तुज्या आयला इचार," मावशी म्हणाली.

तिने असले तक्ते कधी पाहिले नव्हते, पण बोलायची मात्र आत्ताच आत डोकावून आल्यासारखी. दुसरा महिना लागलेल्या पोरीला सांगायची, "वालाला मोड येतो ना, तसं वाकून बसलंय. वझं उचलू नगंस." तिसऱ्यात, "बोटं सुटी झाली गं." एका घरी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, तर ही उंबऱ्यातूनच ओरडली, "सावा लागलाय, त्याला कान आल्यात! काय काय ऐकवताय लेकराला?" ते भांडण तिथेच मिटलं. मी पुस्तकं चाळून तिची चूक शोधत असे. क्वचितच सापडे, आणि सापडली की मला उगाच वाईट वाटे.

पुढे मलाच दिवस गेले. पुस्तक उशाशी होतं, तरी मी बाजाराच्या दिवसाची वाट बघायची, कारण त्या दिवशी मावशी लोणावळ्याला यायची. उंबऱ्यात बसून पेरं मोजायची आणि बातमी द्यायची. पाचव्यात एकदा मी म्हटलं, "मावशी, आत काहीतरी मासोळीसारखं वळलं." तिचा चेहरा असा फुलला की मूल तिलाच होणार आहे असं वाटावं. "व्हय? मग हाक मारली त्यानं तुला. आता तू बी बोलत जा त्येच्याशी." मी एकटी असताना खरंच बोलायला लागले. नर्स असून! सातव्यात म्हणाली, "डोळं उघडलं बग. पर बगायला हाय काय बिचाऱ्याला?" आणि आठवा लागला तेव्हा, "समदं झालंय. आता दान्यात दूध भरतं तसं अंग भरायचं. घाई न्हाई करायची." पुस्तकात हेच दोन पानांत लिहिलं होतं.

घाई झालीच. पौषातल्या थंडीत, आठवा अर्धा सरला असताना सकाळीच कळा सुरू झाल्या. डॉक्टर पुण्याला गेलेले. मला आई नव्हती, म्हणून सासूबाई वडगावहून आल्या होत्या. त्यांनी मावशीला बोलावणं धाडलं. दुपारी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, लालभडक, आणि रडणं मांजराच्या पिलासारखं.

तेव्हा घरोघरी एक समजूत होती. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. पुस्तकात तसं काहीच नव्हतं. उलट जितके दिवस आत जास्त, तितकं बरं. पण बाळंतिणीचं पुस्तक ऐकतो कोण? सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचं पहिलं मूल आठव्यातच जन्मून गेलं होतं. "सूनबाई, जीव लावू नकोस," एवढंच म्हणाल्या. तापवलेलं पाणी निवत होतं, शेगडी विझत आली होती. कुणी दुष्ट नव्हतं हो. पुन्हा एकदा रडायची ताकद नव्हती, इतकंच.

मावशीने नाळ बांधली, मुलीला पुसून पदरात घेतलं आणि मोकळ्या हाताचा अंगठा करंगळीवर टेकवला. सगळी पेरं मोजली. पुन्हा मोजली. मग मोठ्याने म्हणाली, "आक्का, माजं चुकलं बगा. एक अवस म्या जादा धरली. ह्यो सातवाच हाय."

सासूबाई गर्रकन वळल्या. "तू? तू चुकलीस?"

"म्हातारी झाले न्हवं का. बसलाय काय? शेगडी पेटवा!"

त्या ज्या उठल्या, त्या महिनाभर बसल्या नाहीत. मावशीने मुलीला कापसात लपेटायच्या आधी स्वतःच्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून घोंगडी ओढून घेतली. मग पाळ्या लावल्या, कधी ती, कधी सासूबाई, कधी मी. कापसाच्या वातीने थेंब थेंब दूध पाजलं. पोरगी जगली.

माझ्या पाळीची तारीख माझ्या वहीत होती. महिना आठवाच होता. पुढे एकदा दोघीच असताना मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "आठव्याचं जगत न्हाई म्हनून कुनी ऊब देत न्हाई, आन् ऊब न्हाई म्हनून जात्यात. म्या बी लय जनींची जाऊ दिली गं पोरी. तुजं जाऊ द्यायला हात धजला न्हाई." उठता उठता थांबली. "आक्काला सांगू नगंस. त्यांचं गेलेलं पुन्यांदा जाईल."

मी सांगितलं नाही. आता सासूबाईही नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

त्या एका वाक्याची किंमत मावशी जन्मभर देत राहिली. पेरं मोजायला लागली की बाया हसून म्हणत, "मावशी, परत एकदा मोज." तीही हसे आणि परत मोजे. काही घरांनी दुसरी सुईण धरली.

ती गेली तेव्हा आम्ही कार्ल्याला गेलो. ओटीवर बाया बसल्या होत्या. तिथल्या निम्म्याअधिक बायांची मुलं तिच्याच हातांवर आलेली. तिच्या आठवणी निघाल्या, आणि कुणीतरी मोजणीचा विषय काढलाच. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. नात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती आणि त्यांचा हात तिच्या केसांतून फिरत होता. "एकदाच चुकली गं ती," डोळे टिपत त्या म्हणाल्या, "आमच्या हिच्या वेळी."

मी म्हटलं, "हो, एकदाच."