बारा माणसांचे एकशे बत्तीस

"स्कॉलरशिपवाले उभे राहा."

कागद वाटून सर असं म्हणाले. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, वर्गाचा पहिला दिवस. सत्तरचं दशक. नागपुरातल्या त्या कॉलेजचं नाव सांगत नाही. वर्गात चाळीस पोरं, पोरी तीन. आम्ही पाचजण उभे राहिलो. चार पोरं आणि मी. पाचही जण छप्पन साली धम्म घेतलेल्या घरांतले. सरकारी स्कॉलरशिप कोणाला मिळते हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. सरांनी जात विचारली नाही. नुसतं उभं केलं.

"हा कागद सगळ्यांसाठी आहे," सर म्हणाले. "पण तुम्ही लोक दोनदा वाचा."

वर्ग हसला.

आणि मी काय केलं? डोक्याला तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या घालून आलेली मी शहाणी, खणखणीत आवाजात बोलले, "येस सर!" वर्ग आणखी हसला. मला वाटलं, माझ्या इंग्रजीचं कौतुक होऊन राहिलं आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. घरी जाऊन तो कागद खरंच दोनदा वाचला. मग पाठ केला.

कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. विषयाचे नियम. विषय म्हणजे संच, तर्क, मोजणी, ठिपके आणि रेषांचे आलेख. माझी नात इंजिनिअरिंगला आहे, ती याला डिस्क्रीट म्हणते. तिलाही पहिल्या दिवशी असेच नियम मिळाले, पण तिला कोणी उभं केलं नाही. निदान ती मला तसं सांगते.

नियम असे होते. हजेरी भरली पाहिजे. गृहपाठ सोमवारी, घंटेच्या आत. उशिरा आलेला घेणार नाही. नुसतं उत्तर चालणार नाही, पायऱ्या शब्दांत लिहायच्या. आपसात बोला, पण लिहा आपलं आपण. दोघांचं लिखाण सारखं निघालं तर दोघांनाही शून्य. वर्षभराचं काम समाधानकारक असेल तरच टर्म मिळेल, आणि टर्म मिळाली तरच परीक्षेला बसता येईल.

मला तो कागद फार आवडला होता. हो, आवडला होता. हसा. मला वाटायचं, नियम लिहून काढला की तो सगळ्यांना सारखाच लागतो. इंग्रजीत लिहिला तर जास्तच.

वर्गात वसुधा नावाची मुलगी होती. धंतोलीची. वडील डॉक्टर. माझ्याशी कधी बोलायची नाही. एका शुक्रवारी जिन्यात तिने मला गाठलं. "अगं, तुझी वही देतेस? सोमवारी सकाळी परत देते. नुसती बघायचीय."

मी हरखलेच. धंतोलीची पोरगी माझी वही घरी नेणार! मी तिला म्हटलं, थांब, मधल्या सुट्टीनंतर देते. आणि मधल्या सुट्टीत न जेवता वहीला वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलं. असली बावळट मी. कागद पाठ होता, त्यातलं 'आपलं आपण लिहा' हेही पाठ होतं. पण मैत्रीण मिळते म्हटल्यावर पाठांतर गेलं कुठच्या कुठे.

त्या गृहपाठात एक गणित होतं. एका सभेत बारा माणसं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. एकूण किती?

आता आमच्या वस्तीत कोण कोणाशी हस्तांदोलन करतं? बाबा लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापायचे. त्यांचे हात कोणी धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. सभा मात्र पाहिल्या होत्या, विहारापुढच्या. माणूस येतो, म्हणतो, "जयभीम." समोरचा म्हणतो, "जयभीम." एकाने केला, दुसऱ्याने परत केला. दोन झाले. परत केला नाही तर भांडण होतं. मी डोळ्यांसमोर तीच सभा धरली आणि मोजलं. बारा गुणिले अकरा, एकशे बत्तीस. खाली इंग्रजीत पायरी लिहिली, डिक्शनरी बघून: एक देतो, दुसरा परत देतो, म्हणून दोन.

उत्तर चूक. हात एकदाच मिळतो. दोनाने भागायला पाहिजे होतं. सहासष्ट.

पुढच्या आठवड्यात सर दोन वह्या घेऊन वर्गात आले. मला उभं केलं. मला एकटीला.

"एकशे बत्तीस," सर म्हणाले. "चोरी केली, तीही चुकीच्या उत्तराची. वसुधानं घाईत दोनानं भागलं नाही. हिनं चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली. शब्द न् शब्द."

मागून एकजण बोलला, "सर, फुकटात मिळायची सवय आहे."

सर त्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "सांग. हस्तांदोलन परत देतात म्हणजे काय?"

पुरावा माझ्या तोंडात होता. एक शब्द. घरी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे तो. तिथे म्हणता येईना. त्या चाळीस तोंडांपुढे तो शब्द काढला तर त्यावरही हसतील, असं वाटलं. माझ्यावर हसले ते चाललं असतं. मी वसुधाकडे पाहिलं. ती बाकावरची शाई बोटाने पुसत होती.

"सॉरी सर," मी म्हटलं.

झालं. न केलेल्या चोरीचा कबुलीजबाब दोन शब्दांत दिला आणि खाली बसले. दोन वेण्यांच्या त्या पोरीला, म्हणजे मलाच, आज कुठे गाठता आलं असतं ना, तर मी तिची एक वेणी धरून विचारलं असतं, सॉरी कशाची वं?

मार्चमध्ये टर्मच्या याद्या लागायच्या होत्या. त्याआधी सरांनी खोलीत बोलावलं. टेबलावर कागद होता, त्यांनीच लिहिलेला. 'मी वर्गभगिनीच्या वहीतून चोरी केली. पुन्हा करणार नाही. मला क्षमा असावी.' खाली माझ्या सहीची जागा.

"सोमवारपर्यंत सही करून आण. मग टर्मचं बघू."

बाहेर वसुधा उभी होती. मी तिला कागद दाखवला. तिने वाचला, परत दिला. "करून टाक ना सही. तुला काय फरक पडतो?"

तुला, म्हणाली.

घरी माय विड्या वळत बसली होती. "काहून वं, तोंड काहून पाडलं?"

"सर सही मागून राहिले."

"कायची?"

"चोरी केली म्हनून."

तिचे हात थांबले. "केली?"

"नाही."

"मंग?"

"नाही केली सही, तं परीक्षेले बसू देनार नाही. वर्ष जाईन."

मायने सुपातली पानं बाजूला सारली. मला वाटलं, आता म्हणेल, नको करू. चांगली जबरदस्त बाई होती, नळावर चार बायांना पुरून उरायची.

"कर मंग," ती म्हणाली. "काय करतं? तुया बाबानं कोनाले सांगाव? कोन आयकते आपलं?"

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मले तं अंगठाच येते. तुले सही येते, मनून तुले इचार पडला." आणि विडीला दोरा बांधायला लागली. दोरा दोनदा तुटला.

सोमवारी सही करायचीच म्हणून गेले. खोटं कशाला सांगू. पेन उघडलं. कागदावर वाकले. सर दुसऱ्या वह्या तपासत होते, माझ्याकडे पाहतही नव्हते. 'चोरी केली' या शब्दांवर पेन आलं आणि हात पुढे सरकेना. हिंमत नव्हे हो. हात जड झाला, बस.

"सर," मी म्हटलं, "आमच्याकडे जयभीम करतात."

सरांनी मान वर केली.

"एक करतो. दुसरा परत करतो. मनून दोन. मी ते मोजले. वसुधाच्या घरी काय परत करतात, तिले विचारा." घाबरले की माझी घरची भाषा बाहेर येते, तशी आली. "वही मी दिली. ते चुकलं. नियमात शून्य आहे, मला द्या. तिलाही द्या. नियमात दोघं लिहिलं आहे. माफीनामा तुमच्या नियमांच्या कागदात कुठेच नाही. मी दोनदा वाचला आहे."

सरांनी हातातली वही मिटली. त्यांना समजलं होतं. समजल्याचं मी त्यांच्या तोंडावर पाहिलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. कारण नंतर ते म्हणाले, "सही करतेस की नाही?"

"नाही."

"मग जा."

यादी लागली. वसुधाचं नाव होतं. माझं नव्हतं. मी प्राचार्यांकडे गेले, शिपायाने दारातून परत पाठवलं. अर्ज लिहिला, त्याचं उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये सगळे पेपर देत होते तेव्हा मी मायजवळ बसून विड्यांची पानं कापत होते. माय बोलत नव्हती, बाबा बोलत नव्हते. वस्तीत बाया कुजबुजायच्या, चोरी केली म्हणून काढली. मी कोणाकोणाला समजावणार होते? कोणालाच नाही समजावता आलं.

पण पानं कापता कापता ठरलं. जुलैमध्ये परत जायचं. त्याच वर्गात, त्याच माणसापुढे. तो उभं करेल, उभी राहीन. शून्य देईल, घेईन. त्याही वर्षी टर्म दिली नाही, तर त्याच्या पुढच्या वर्षी जाईन. चोर म्हणून पास होणार नाही. तो कागद त्याने कितीही वेळा पुढे सरकवला, तरी खालची जागा कोरीच राहील.