अंगठ्याची दोरी

समुद्रावर गळ टाकायला जायचं ठरलं तेव्हा मला मासे नको होते, झोप हवी होती. हे मी दोघांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग घरीच झोप की. आणि घरी झोपता येत नव्हतं, हीच तर रड होती.

दोघं म्हणजे माझे शाळेपासूनचे मित्र. एक गडमुडशिंगीचा. सहा म्हशी राखून आहे, स्वतः दूध घालत फिरतो, म्हणून तो दूधवाला. दुसरा मुरगूडला हायस्कुलात शिकवतो, तो मास्तर. मी कसबा बावड्यात आईजवळ असतो. लग्नाचं राहून गेलं. नोकरी होती, ती वेळेआधी सोडली, आईसाठी.

आईला आता काही आठवत नाही. नातेवाईक विसरली, देवांची नावं विसरली, मलाही कधीकधी "पावणं, च्या घेणार काय?" म्हणून विचारते. पण धारेची वेळ विसरली नाही. म्हैस विकून तीस वर्षं झाली, गोठा होता तिथे आता आमचीच इमारत उभी आहे, तरी पहाटेचे चार आणि संध्याकाळचे पाच वाजले की ती चरवी घेऊन दाराकडे निघते. "म्हस पान्हावली आसंल," म्हणते. एका पहाटे मला जाग आली तेव्हा ती दोन जिने उतरून खाली गेली होती, अनवाणी. त्या दिवसापासून मी तिच्या मनगटाला जुन्या परकराची मऊ नाडी सैलसर बांधायला लागलो. दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. दुपारच्या झोपेलाही तेच. ती उठली की अंगठा ओढला जायचा आणि मी डोळे उघडायच्या आधी म्हणायचो, "आई, थांब, आलो." असे चौदा महिने गेले.

ही युक्ती आमच्या पंचगंगेवरची. पोरवयात आम्ही तिघं गळाचा दोरा अंगठ्याला बांधून काठावरच्या झाडाखाली खुशाल आडवे व्हायचो. मासा लागला की तोच उठवायचा.

भाऊबीजेला सांगलीहून धाकटी बहीण आली आणि तिने ती नाडी पाहिली. ओवाळायचं ताट तसंच राहिलं. "म्हशीगत दावं लावलंयस व्हय रं दादा आईला?" एवढ्या मोठ्याने की शेजारच्यांनी दार उघडलं. मी म्हणालो, मग काय करू? कागलच्या रस्त्याला अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे, दोन नर्सबाई चालवतात, तिथे ठेवू या का? तर ते तिला त्याहून वाईट वाटलं. "आईला परक्यांच्यात टाकायचं? मी जिती हाय तवर न्हाय!" जिती आहेस ती सांगलीत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. तिच्या होकाराशिवाय मला ते करायचं नव्हतं. एवढं मोठं काम एकट्याच्या डोक्यावर नको होतं, इतकंच. मोठेपणा वगैरे काही नाही.

पुढे हिवाळ्यात त्या घरातली एक खाट रिकामी झाली. सोमवारी दुपारपर्यंत ठेवतो, म्हणाले. मी बहिणीला फोन केला. म्हटलं, तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण आधी एक दिवस आईजवळ एकटी राहा. ती शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी पहाटे साडेतीनला मी निघालो तेव्हा नाडी खिळ्याला टांगलेली होती आणि ती आईच्या उशाशी ताठ बसली होती. "मला दोरी लागत न्हाय. मी जागी हाय की," म्हणाली.

गगनबावड्याचा घाट कधी उतरलो मला माहीत नाही. मागच्या सीटवर मान लोंबकळत होती. दूधवाला आरशातून बघून म्हणाला, "काय मर्दा, मासं धराय चाललायस का मड्यासारखा पडाय?" मी मान सरळ केली, ती परत लोंबकळली.

बंदर लहान. दगडी जेट्टी, चारसहा होड्या, सुकत घातलेली जाळी. सामान मात्र आम्ही लग्नाला निघाल्यासारखं आणलं होतं. कोल्हापूरची माणसं कुठेही गेली की रस्सा मंडळ झालंच पाहिजे, म्हणजे उघड्यावर शिजवलेला मटणाचा रस्सा आणि भाकरी. शेगडी, पातेलं, कांदा-लसूण चटणीचा डबा, चोवीस भाकऱ्या, खर्डा. मटण तेवढं नव्हतं. दूधवाल्याने आणू दिलं नाही. "आयता मासा पातेल्यात पडणार हाय, मटान कशाला?" शेणखताच्या खड्ड्यातून काढलेली गांडुळंही त्याने डबाभर आणली होती.

आम्ही जेट्टीच्या टोकाला गेलो आणि खाली पाहिलं. खाली चिखल होता. होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. समुद्र होता, पण तो पार तिकडे.

पंचगंगेला पूर येतो, ती आटते, सगळं करते. पण सकाळची नदी दुपारी उठून कुठे गेली असं आजवर झालेलं नाही. तिघांची मिळून दीडशे वर्षांवर अक्कल, आणि भरती कधी आहे हे एकालाही बघून यायचं सुचलं नव्हतं. मास्तर तर शाळेत भूगोलच शिकवतो.

जाळ्याजवळ बसलेली एक म्हातारी आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसली. "घाटावयले काय रे तुमी? पाणी गेला. आता दुपारी येतला." मग गांडुळांचा डबा बघून आणखी हसली आणि मूठभर बारीक कोळंबी पुड्यात बांधून दिली. दूधवाल्याचा चेहरा पडला. मास्तर म्हणाला, "ही पोरांना सांगायची न्हाय हां गोष्ट."

मला मात्र मनातून बरं वाटलं. समुद्र नाही म्हणजे दुपारपर्यंत काम नाही. भिंतीच्या सावलीत बसलो. पण झोप काही येईना. डोळे मिटले की अंगठा आपोआप ताठ व्हायचा. दर अर्ध्या तासाने फोन काढून बघत होतो. बहिणीचा फोन नाही. आला नाही म्हणून चिंता, आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही. सगळं नीट चाललंय की काय? एका दिवसात हिला जमलं, तर मी चौदा महिने काय रडतोय? आईचं नीट चालू नये असं मला त्या सकाळी वाटलं. तेव्हाही लाज वाटली होती, आजही वाटते.

दोघांना त्या खाटेचं ठाऊक होतं. नाडीचं ठाऊक नव्हतं. बहिणीच्या त्या बोलण्यानंतर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी रस्सा झाला. चटणी, कांदा, तेल, पाणी. आत काही नाही. "हा कशाचा म्हणायचा?" मास्तरने विचारलं. "आशेचा," दूधवाला म्हणाला आणि त्यात भाकरी कुस्करून जेवला.

अडीचच्या सुमारास पाणी चढलं. होड्या सरळ झाल्या. त्यांनी रिळाच्या काठ्या घेतल्या. माझ्या हातात काठी ठरेना, दोनदा सुटली, तेव्हा दूधवाल्याने ती काढून घेतली. साधा दोरा आणि गळ कोळंबी लावून पाण्यात सोडला आणि लहानपणी करायचा तसा दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. "झोप जा. लागला की कळंल."

आणि मी झोपलो. अंगठ्याला दोरी आल्यावरच झोपलो, हे मला नंतर कळलं. ऊन तोंडावर होतं, दगड टोचत होते, कसलीच पर्वा नव्हती. चौदा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

अंगठा ओढला गेला.

"आई, थांब, आलो! धार मी काढतो, तू बस. बस गं बाई, पाया पडतो तुझ्या, जरा बस!"

मी उभा होतो. दोन्ही हात पुढे, कुणालातरी खांद्याला धरून बसवावं तसे. समोर समुद्र. दोऱ्याला हिसके बसत होते. दूधवाला हसायला तोंड उघडून तसाच राहिला होता. मास्तरने पुढे होऊन दोरा ओढून घेतला. तळहाताएवढी तांबोशी निघाली, लालसर, दगडावर उडत होती. कुणी तिच्याकडे बघेना.

"रोज असंच उठतोस?" मास्तरने विचारलं.

"दिवसातनं दोनदा," मी म्हणालो आणि नाडीचं सगळं सांगून टाकलं.

दूधवाला खाली बसून माझ्या अंगठ्याची गाठ सोडायला लागला. सुटेना, तेव्हा दाताने सोडली. "सांगायचं तरी की रं," म्हणाला. त्याचा आवाज नेहमी दोन गल्ल्या पलीकडे जातो. तेव्हा मला जेमतेम ऐकू आला. मग मी रडलो. त्यांनी गप्प बस वगैरे काही म्हटलं नाही. तेवढी एकच तांबोशी मिळाली. ती त्यांनी बर्फात घालून माझ्या पिशवीत ठेवली. "आईला कालवण कर," एवढंच.

आठाच्या सुमारास घरी पोचलो. दार आतून दोन्ही कड्या लावून बंद. बहिणीने उघडायला वेळ लावला. उघडलं तेव्हा कळलं का ते. तिच्या पायाच्या अंगठ्याला नाडी होती, आणि दुसरं टोक दाराजवळ ओढून घेतलेल्या पलंगावर झोपलेल्या आईच्या मनगटाला. ती दारापर्यंत नाडी ताणू न देता, हळूहळू आली होती.

आईच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या.

"पाच वाजता माझा जरा डोळा लागला, दादा," बहीण म्हणाली. "पाच मिंटं. खरंच पाच मिंटं. कारखान्याच्या रस्त्याला गेलती. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगंत, हातात चरवी घिऊन. येका ड्रायव्हरनं धरून आणलं. त्यानं ट्रॅक्टर थांबवला नसता तर..."

मी वेळ जुळवून बघितली. माझा अंगठा ओढला गेला तेव्हा साडेतीन झाले होते. काही जुळत नव्हतं. तरी वाटलंच, मी इथे असायला हवा होतो.

"उद्या फोन कर त्यांस्नी," ती म्हणाली. "मी अडवत न्हाय."

हे वाक्य ऐकायला मी दिवाळीपासून बसलो होतो. आता ते आलं, तर मी पिशवीतली तांबोशी काढून फ्रीजमध्ये ठेवत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तू झोप आता. तिच्या पायाची नाडी सोडली आणि माझ्या अंगठ्याला बांधली. ती भिंतीकडे तोंड करून पडली, आणि बराच वेळ तिची पाठ हलत होती.

सोमवारी सकाळी त्या तांबोशीचं कालवण केलं. आईने काटे बाजूला काढत, बोटं चाटत खाल्लं. "नदीचा न्हाय ह्यो," म्हणाली. माशाची चव ती विसरली नव्हती. मग मी गॅलरीत जाऊन फोन केला.

आता दर रविवारी आम्ही भाऊबहीण तिकडे जातो. तिथली नर्सबाई शहाणी आहे, वेळ झाली की आईच्या हातात चरवी देते आणि आवारात एक फेरी मारून आणते. आई बरी आहे. ती नाडी तिच्या पातळांबरोबर मी चुकून तिकडेच पाठवली.

आता माझ्या पायाला काही नसतं. झोपायला कुणाची आडकाठी नाही. तरी पहाटे चारला अंगठा ओढला जातो. "आई, थांब, आलो," म्हणत मी उठून बसतो. थांबायला घरात कुणी नसतं.