शिर्के सरांच्या तासाचा गलबला

सगळ्यांच्या आधी आली ती माझ्या नातीच्या वर्गातली कांचन. तिच्या मागून शिर्के सर, आणि सरांच्या मागून आमच्या गल्लीतली कुसुम. कोण कोणाकडे गेलं हे कळल्याशिवाय कुसुमला भाजी फोडणीला टाकवत नाही, त्यामुळे तिचं नवल नाही. नवल सरांचं. शाळेतले मास्तर स्वतः पोरीच्या दारात येतात, हे या वयापर्यंत मी पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात सरांची ओळख झाली ती अशी. आता सरांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात चौथी शिकलेल्या मला लिहायला सांगितलं, हा धक्काही अजून ओसरलेला नाही.

आमची नात पिहू तेव्हा सहावीत. आधीच्या बाईंनी एकदा तिला सगळ्या वर्गापुढे उभं करून उत्तर विचारलं. तिची बोबडी वळली, पोरं हसली, आणि ती शाळेत जाईचना. घरातही तोंड उघडेना. माझ्या मुलानं, सुरेशनं, तिला काटोलला आत्याकडे ठेवायचं ठरवलं. दूध सुटल्यापासून पोरगी माझ्याजवळ झोपते. त्या दिवशी सूनबाई तिची बॅग भरत होती, मी कपड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा मोडत होते.

"आजी, मले जोडीदारच नाही," कांचननं दारातच तक्रार मांडली. "सगळे एकमेकासंगं बोलतेत, मी भिंतीसंगं बोलून राहिली."

मग सरांनी समजावलं. वर्ग नुकताच त्यांच्याकडे आला होता. तास सुरू झाला की पुस्तक उघडायच्या आधी पोरं जोडीनं उभी राहतात. एकानं कालच्या धड्यातलं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. बरोबर आलं तर टाळी. चुकलं तर दोघांनी भिंतीपर्यंत पळत जाऊन यायचं. सगळ्या जोड्या एकाच वेळी, मोकळ्या आवाजात.

मी ऐकतच राहिले. आमच्या वेळी वर्गात खोकायलाही भीती वाटायची. म्हटलं, "मास्तर, हा वर्ग आहे का भाजीबाजार?"

"बाजारापेक्षा आवाज थोडा जास्त असतो, आजी," सर हसून म्हणाले.

त्यांनी दोघी पोरींना अंगणात समोरासमोर उभं केलं. कांचननं विचारलं. पिहू पायाकडे बघत राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे टक लावून. तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही माझी जोडी. सांगा, चंद्राला स्वतःचा उजेड असतो का?"

"असते की. अंगणभर पडते."

"चुकलं. चला भिंतीपर्यंत."

पळणं कसलं, माझे गुडघे ते. सर माझ्या चालीनं चालले, पण वाद मोठ्या आवाजात चालू ठेवला. मीही चिडले. "उजेड नाही तर दिसते कसा?" कुसुम फाटकातून म्हणाली, "काकू, काहून भांडून राहिल्या त्या माणसासंगं?"

आणि मागून आवाज आला. "अवं कांचन, सूर्याचा उजेड पडते त्याच्यावर. म्हणून दिसते."

पिहूचा आवाज. सरांनी मात्र वळूनही पाहिलं नाही, शाबासकी दिली नाही. उलट माझ्याशी आणखी जोरात हुज्जत घातली. सर माझ्याशी भांडत नव्हतेच, हे मला मागाहून कळलं. गलबल्यात एकाची चूक दुसऱ्याला ऐकू जात नाही. म्हणून तर वर्गात तो गलबला. एकट्या लेकराला ते कधी सगळ्यांपुढे उभं करत नाहीत.

लकडगंजहून काम आटोपून सुरेश आला तो या गोंधळात. दारात काढलेला एक बूट तसाच हातात. "हे काय चालून राहिलं वं, आई?"

मला दम लागलेला. पिहूच पुढे झाली. "बाबा, चंद्राले स्वतःचा उजेड असते का?"

सुरेश दुसरा बूट काढायचा विसरला. "माहीत नाही, बेटा."

"मग चला भिंतीपर्यंत."

माझा मुलगा, जो घरात कोणाचं ऐकत नाही, हातातल्या बुटासकट लेकीमागं पळाला. परत आला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "ताई, पिहू नाही येत वं. इथंच राहील." मी मटकन ओट्यावर बसले.

शिर्के सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे माझ्यासारखे न होवोत आणि घसा कधी न बसो. पोरांना तो फार लागतो.

त्या संध्याकाळी सर निघाले तेव्हा सुरेश फाटकापर्यंत सोडायला गेला. "सर, परत कधी याल?"

सरांनी कांचनकडे पाहिलं, त्यांना आमच्या दारात ओढून आणणारी तीच.

"रविवारी," कांचन म्हणाली.