सात ते सतरा

आमच्या सरांना कधी एक उत्तर देताच यायचं नाही. "सर, पेपर कधी तपासून होतील?" विचारलं की म्हणायचे, "कमीत कमी परवा, जास्तीत जास्त ईद." सगळी शाळा त्यांना कमीजास्त सर म्हणायची.

गणितातही तेच. एका पेटीला दोन दोर बांधून आम्हा पोरींना ओढायला लावायचे. "एकीचा जोर पाच, दुसरीचा बारा. मिळून किती?" आम्ही ओरडायचो, "सतरा!" "सतरा कधी? दोघी एकाच बाजूला ओढाल तर. एकमेकींच्या उलट ओढलं की सातच उरतात. तिरकं ओढलं तर मधलं काहीही. सातच्या खाली नाय, सतराच्या वर नाय." मग मिशीत हसायचे, "मियाँ-बीवीचं पण असंच असतं बघा."

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती. सर सगळं उर्दूत शिकलेले. मराठी बोलायचे झकास, पण छापील मराठी दिसली की बिचकायचे. त्या वर्षी वार्षिक परीक्षेचा पेपर भलत्याच कुणीतरी काढला आणि नेमका हाच प्रश्न आला, कुणी कुठल्या बाजूला ओढलं ते न सांगता. मी लिहिलं, सात ते सतरा. पेपरासोबत आलेल्या छापील उत्तरात नुसतं सतरा होतं. सरांना वाटलं, आपल्यालाच मराठी प्रश्न नीट कळला नसेल. त्यांनी माझं उत्तर कापलं, आणि मी थोडक्यात नापास झाले.

मी शहरात, औरंगपुऱ्यात मामाकडं राहून शिकत होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निकाल ऐकला आणि मला उचलून गावी, पिशोरला आणलं. शाळा बंद.

चूक ध्यानात आल्यावर सर एसटीनं पिशोरला आले. बाजाराचा दिवस. चार लोकांदेखत त्या पिकल्या केसांच्या माणसानं अण्णांपुढं दोन्ही कान धरले. "पाटील, पोरगी पास हाय. गलती माझी. पाठवा तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा दुसरीकडं बघत म्हणाले, "सोयरीक ठरली, मास्तर. लई उशीर केला तुम्ही."

कसली सोयरीक अन् कसलं काय! तोवर कुणी बघायलासुद्धा आलं नव्हतं. अण्णांना मला शिकवायचंच नव्हतं, माझं नापास होणं त्यांच्या पथ्यावर पडलं होतं. सर मान खाली घालून एसटीकडं गेले. माझ्या बापाची मला तेव्हा वाटलेली लाज आजही जात नाही.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी औरंगपुऱ्यात पोरांची पुस्तकं घेताना सर दिसले. मला ओळखलं आणि गर्दीत सटकायला लागले. मी आडवी गेले. सगळं सांगून टाकलं, "सर, सोयरीक-बियरीक काही नव्हतं हो. तुमचे मार्क नुसता बहाणा होते."

वाटलं, आता तरी म्हातारा मोकळा होईल.

माझ्याकडं न बघताच ते म्हणाले, "बेटी, पण तो बहाणा त्यांच्या हातात मीच दिला ना?"