घनश्याम सरांचं शेपूट

आमच्या शाळेतले घनश्याम जाधव सर इंग्रजी शिकवतात. वर्गात असे गरजतात की शेजारच्या वर्गात मला गणित शिकवणं मुश्कील होतं. पण समोर लग्नाची मुलगी बसवा, लगेच दातखीळ. आजवर सगळ्या स्थळांकडून एकच निरोप आला: नवरदेव मुका आहे.

या खेपेचं स्थळ कळंबजवळच्या तांड्यावरचं. मुलगी, बबिता, इंग्रजीतच बी.ए. झालेली. म्हणजे सरांची बोबडी घरूनच वळलेली. "आज दोन वाक्यं तरी बोलजा सर, नाई तं राहसान असेच," मी बजावलं.

नेमके त्या दिवशी सरांनी वर्गात टॅग क्वेश्चन, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायचे 'नाही का?'सारखे प्रश्न, घेतले. त्यांची तऱ्हाच वेगळी. सर स्वतः वाक्य होऊन उभे राहतात आणि पोरं मागून त्यांच्या कमरेला शेपूट अडकवतात. सुतळीचं शेपूट, टोकाला पुठ्ठा, त्यावर 'डोन्ट यू?'. शाळा सुटली आणि सर घाईत मोटारसायकलवर बसले ते शेपटावरच. मी पुढच्या गाडीवर, मला काय दिसणार?

तांड्यावर पोचल्यावर सर मुलीच्या वडिलांच्या, धरमसिंगभाऊंच्या पाया पडायला वाकले. दारातल्या बायकांना मागचा सगळा देखावा दिसला.

"गुरुजी, मांगं काय लटकून राह्यलं?" भाऊंनी विचारलं.

सर बघायला वळले. शेपूटही वळलं. असे दोन फेरे झाल्यावर बबिता तोंडाला ओढणी लावून खालीच बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण सरांना कंठ फुटला. शिकवायचं म्हटलं की त्यांना लाजायचं सुचत नाही. त्यांनी भाऊंना उभं केलं आणि शेपूट त्यांच्या कमरेला अडकवलं.

"आता तुमी वाक्य. वाक्य हो म्हणते, तं शेपूट नाही म्हणते."

"आमच्या घरी असंच चालते," म्हणत भाऊंनी बायकोकडे पाहिलं. पोहे गार झाले, सर थांबेनात.

बबितानं मला हळूच विचारलं, "सर घरीबी इतके बोलते का?"

खोटं कशाला बोलू? "फक्त शिकवतानी," मी म्हणालो.

तिनं ओढणी सावरली. मग सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग सांगा त्यायले, मले इंग्रजी काहीच येत नाही. पहिल्यापासून शिकवा लागन."

सर पुन्हा मुके झाले. धरमसिंगभाऊ पेढे आणायला कळंबला निघाले, शेपटासकट.